शब्दचर्चा : ‘चर्च’ आणि ‘स्टेट’ यांच्यात फारकत की भिंत?

प्रश्न : अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या 1989 सालच्या खटल्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयात, मुख्य जिन्यावर ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला होता, त्यावरून वाद झाला. ‘सेपरेशन ऑफ चर्च अँड स्टेट’साठी ‘धर्म आणि राज्य यांची फारकत’ असं लिहिलं, पण खटकतं आहे. ‘चर्च’ तसंच ठेवलं तर वाचकाला प्रार्थनेची इमारत दिसेल. काय करावं?

– तुम्हाला खटकतो आहे तो ‘धर्म’ शब्द. आपण राजधर्म म्हणतो, शेजारधर्म म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ कर्तव्य असतो. त्यामुळे ‘राज्याची धर्मापासून फारकत’ वाचलं की राज्याने नीतीच सोडली असं वाटतं. मूळ शब्दप्रयोगातलं ‘चर्च’ म्हणजे संघटित धर्म, त्याची सत्ता आणि त्याचे अधिकारी. म्हणून ‘धर्मसंस्था आणि राज्यसंस्था’ लिहा. शब्द लांबतात, पण अर्थ नेमका राहतो.

– ‘फारकत’बद्दलही विचार व्हावा. तो शब्द आधी संसार होता आणि तो मोडला असं सुचवतो. अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष जेफरसन याने 1 जानेवारी 1802 रोजी डॅनबरीच्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात ‘भिंत’ म्हटलं आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं नांदतात, कुणी कुणाला टाकलेलं नसतं. शिवाय पत्र ज्यांना लिहिलं ते स्वतः श्रद्धाळू होते आणि सरकार आपल्या उपासनेत हात घालील ही त्यांची धास्ती होती. फारकत म्हटलं की ही बाजू पुसली जाते. मी ‘विभक्तता’ लिहीन आणि पत्राचा उल्लेख येईल तिथे ‘भिंत’ जशीच्या तशी ठेवीन.

– एक दुरुस्ती सुचवतो. ‘घटनेत भिंत आहे’ असं चुकूनही लिहू नका. अमेरिकी घटनेच्या 1791 च्या पहिल्या दुरुस्तीत तो शब्द नाही. तिथे शब्द आहे ‘एस्टॅब्लिशमेंट’, आणि खरी कसोटी त्याचीच. ‘धर्माची स्थापना’ म्हणावं तर गीतेतलं ‘धर्मसंस्थापनार्थाय’ आठवतं आणि अर्थ पार उलटा होतो. ‘राजधर्म’ तर नकोच, तो राजाचं कर्तव्य सांगतो. आपला जुना ‘राज्याश्रय’ मला जवळचा वाटतो, पण आश्रय म्हणजे नुसती मदतही असू शकते. काटेकोर लिहायचं तर : ‘कोणत्याही धर्माला अधिकृत धर्माचा दर्जा देणारा कायदा काँग्रेस (अमेरिकेची संसद) करणार नाही.’ हेही वाक्य अपुरंच आहे, कारण मूळ शब्दांची व्याप्ती याहून मोठी मानली जाते.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. ‘डिस्प्ले’ राहिला. मी ‘प्रदर्शन’ लिहिलं होतं.

– ‘प्रदर्शन’मध्ये मिरवण्याचा सूर येतो, म्हणजे निकाल लागण्याआधीच दोष दिल्यासारखं होतं. ‘देखावा’ला ढोंगाची छटा असली तरी मांडलेल्या दृश्यासाठी तोच रुळलेला शब्द आहे. जवळच्या सिटी-काउंटी इमारतीबाहेर 45 फुटी नाताळवृक्षाशेजारी 18 फुटी मेनोरा (ज्यूंचा अनेक शाखांचा दीपाधार) उभा होता, त्याला मात्र ‘देखावा’ म्हणू नका, ‘उभारलेला मेनोरा’ म्हणा. आणि ‘समई’ तर नकोच!

– त्या खटल्याचा सगळा कस ‘एन्डॉर्समेंट’ या शब्दात आहे. जिन्यावरच्या देखाव्याने सरकार ख्रिस्ती धर्माची पाठराखण करतं असा संदेश जातो, म्हणून तो घटनाबाह्य ठरला. वृक्षाशेजारचा मेनोरा चालला. इथे ‘पुरस्कार’ अचूक बसला असता, पण आज तो वाचून लोकांना बक्षीस आठवतं, याचं वाईट वाटतं. ‘पाठिंबा’ फार राजकीय वाटतो. मी ‘पाठराखण’च निवडेन. तळटीप मात्र द्या : 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी बाजूला ठेवून इतिहास आणि परंपरा यांच्याकडे पाहायचं ठरवलं. नाहीतर वाचक 1989 चा नियम आजचा समजेल.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असं करते : ‘न्यायालयाच्या मुख्य जिन्यावरचा ख्रिस्तजन्माचा देखावा म्हणजे सरकारने एका धर्माची केलेली पाठराखण आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.’ शीर्षकात ‘धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची विभक्तता’.