अ‍ॅस्टरॉइड्सच्या कॅबिनेटमध्ये एलसीडी? माझा ठाम विरोध

रेघोट्या:
परवा एका संग्राहकाने टाकलेला फोटो पाहिला. अटारी कंपनीच्या नाणं टाकून खेळायच्या १९७९ च्या व्हिडिओ गेमचं लाकडी कॅबिनेट, अ‍ॅस्टरॉइड्स. बाजूचं चित्र नवंकोरं चिकटवलेलं, बटणं चकचकीत, नाण्याचं दार काळंभोर रंगवलेलं आणि काचेमागे एलसीडी. खाली लिहिलंय, 'पूर्ण रिस्टोअर केलं.' अहो, काय रिस्टोअर केलंत? खोका!

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: काळ्या आकाशात एक टोकदार जहाज आणि तरंगणारे दगड. मोठा दगड फुटला की दोन मधले होतात, मधला फुटला की दोन छोटे. हाताशी पाच बटणं: डावीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढे रेटणारं थ्रस्ट, फायर आणि जिवावर बेतल्यावर दाबायचं, जहाज भलतीकडेच नेऊन टाकणारं हायपरस्पेस. कल्पना लाइल रेन्सची, प्रोग्रॅम एड लॉगचा, हार्डवेअर हॉवर्ड डेलमनचं. ५०,००० च्या वर यंत्रं खपली.

पण खरी गंमत मॉनिटरची. जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा किरण वरपासून खालपर्यंत एकेक ओळ झाडत जातो. इथल्या वेक्टर मॉनिटरमध्ये तो या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत थेट रेघ ओढतो, कागदावर पेन्सिल फिरवावी तसा. त्यामुळे तिरक्या रेघेला पायऱ्या पडत नाहीत. आणि गोळी झाडली की तो ठिपका असा पेटतो की अंधारात डोळ्याला टोचतो. मागे फिकट शेपूट राहते ती वेगळीच. एलसीडीवर तीच गोळी म्हणजे खडूचा ठिपका. मग मोबाइलवर खेळा की, एवढं मोठं लाकूड कशाला अडवता?

नाणंटाक्या:
लिहिलंय झकास, पण हे सगळं चालू मॉनिटर घरात असलेल्या माणसाचं तत्त्वज्ञान आहे. माझं कॅबिनेट आठ महिने बंद पडलंय. पडद्यावर काळोख. पडद्याच्या असल्या काचेच्या ट्यूब आता कारखान्यातून येत नाहीत, एका यंत्रातली काढून दुसऱ्यात घालायची. म्हणजे माझं जगवायला कुणाचं तरी मारायचं! एलसीडी आणि त्यावर गेम चालवणारा छोटा बोर्ड टेबलावर आणून ठेवलाय, रविवारी बसवणार. पुतण्या येतो, त्याला खेळायचंय. त्याला फॉस्फरचं, म्हणजे ट्यूबच्या आतल्या चमकणाऱ्या लेपाचं, सौंदर्य काय सांगू?

आणि हा गेम नाणं टाकून बडवण्यासाठी बनवला होता, ओवाळण्यासाठी नाही. त्या काळी ही यंत्रं धंद्याला लावणाऱ्या ऑपरेटरांनीच धंदा बसला की कॅबिनेट पोखरून आत दुसरा गेम घातला. तेव्हा कुणी सुतक पाळलं नाही.

रेघोट्या:
ऑपरेटरांनी पोखरली म्हणूनच तर उरलेली जपायची. आणि पुतण्याचं म्हणाल, तर माझ्या भाचीने पहिल्यांदा खरा पडदा पाहिला तेव्हा काचेला नाक लावून विचारलं, 'आत लेझर आहे का?' मुलांना फरक कळतो. आपणच त्यांच्या नावावर स्वस्तात सुटतो.

घड्याळजी:
मी नाणंटाक्यांच्या बाजूने. संग्राहकांचा हा सोवळेपणा मला कधी पटला नाही. जपायचं म्हणजे काय जपायचं? प्रोग्रॅम तर कधीच जपून झाला, १९९७ पासून मेम नावाचं सॉफ्टवेअर त्याच कामाला लागलंय. राहिला खेळ, आणि खेळ टिकतो तो खेळणाऱ्यांमुळे. १९८२ मध्ये स्कॉट सॅफ्रनने ४,१३,३६,४४० गुण केले. पडद्यावर ९९,९९० नंतर आकडा शून्यावर येतो, म्हणजे किती फेरे झाले ते माणसांनी मोजत बसायचं! तो विक्रम २०१० मध्ये जॉन मॅकअलिस्टरने मोडला. मधली २७ वर्षं लोक आकड्याबद्दल बोलले, ट्यूबबद्दल नाही.

काठावरचा:
घड्याळजी, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. हे विक्रम खऱ्या यंत्राच्या खोडीवर उभे आहेत. एक-दोन दगड मुद्दाम शिल्लक ठेवायचे, जहाज पडद्याच्या कडेला फिरवत राहायचं आणि शत्रूची छोटी उडती तबकडी आली की टिपायची. दगडाचे जास्तीत जास्त १००, तबकडीचे १०००. दर १०,००० ला एक जहाज फुकट. याला लर्किंग म्हणतात. अटारीला ते इतकं झोंबलं की अ‍ॅस्टरॉइड्स डिलक्स या पुढच्या गेममध्ये तबकडी हुशार केली. (मला डिलक्स आवडत नाही. सगळं निळंनिळं.) जहाजांचा ढीग साठला की मूळ गेम मंदावतो, कारण सगळी जहाजं रेखाटत बसतो. तो मंदपणासुद्धा त्या यंत्राचाच.

घड्याळजी:
मंदपणा मेममध्येही येईल. ते अख्खं यंत्रच नकलून चालवतं. ट्यूबचा संबंध काय?

काठावरचा:
बरं, हा मुद्दा तुमचा. पण छातीत धडधड वाढवणारा तो दोन सुरांचा 'धम्-धम्' वेगळ्या अ‍ॅनालॉग सर्किटमधून येतो, तो लाकडी खोक्यातूनच ऐकावा.

सोल्डरबाबा:
तुम्ही सगळे सौंदर्यावर भांडताय, मला एक साधा प्रश्न आहे. नाणंटाक्या, मॉनिटर गेला हे ठरवलं कुणी?

नाणंटाक्या:
पडदा काळा आहे म्हटल्यावर आणखी काय असणार?

सोल्डरबाबा:
पुष्कळ काही असू शकतं. वेक्टर मॉनिटरमध्ये किरण एका जागी अडकला तर फॉस्फरला भोक पाडल्यासारखा डाग पडतो. म्हणून स्पॉट किलर नावाचं सर्किट असतं. गेमच्या बोर्डाकडून किरणाला जागा सांगणारा एक्स-वाय सिग्नल आला नाही की ते किरणच दाबून टाकतं. म्हणजे बोर्ड बंद असला तरी पडदा काळाच. मॉनिटर बिचारा धडधाकट बसलेला असतो आणि लोक एलसीडी आणतात. असे दोन तरी 'मेलेले' मॉनिटर मी कचऱ्यातून उचललेत.

तुमचा मॉनिटर इलेक्ट्रोहोम जी०५ असेल तर मागच्या बाजूने डोकवा. किरण वळवणाऱ्या डिफ्लेक्शन बोर्डावर एक लाल एलईडी आहे. लागतो का बघा. हात आत घालू नका, ट्यूबच्या मागे हाय व्होल्टेज आहे. मग नाणं टाका, स्टार्ट दाबा आणि कान द्या.

रेघोट्या:
बाबा, एवढं सांगूनही त्यांनी एलसीडी बसवला तर?

सोल्डरबाबा:
बसवू दे. फक्त जुना मॉनिटर वायरिंगसकट, चिठ्ठी लावून कॅबिनेटच्याच तळाशी ठेवा आणि लाकडाला करवत लावू नका. स्क्रू काढलेला परत लावता येतो. माझा राग करवतीवर आहे, एलसीडीवर नाही.

रेघोट्या:
माझा दोन्हींवर आहे. माझ्या ट्यूबवर खाली '१९७९ अटारी' ही ओळ जळून बसली आहे, बंद पडद्यावरही तपकिरी दिसते. ती बदलायलाही मी तयार नाही.

नाणंटाक्या:
मागचं दार उघडलं. लाल दिवा लागलाय. नाणं टाकलं, स्टार्ट दाबलं, फायर बडवलं. काहीच आवाज नाही. धम् नाही, फुस्स नाही.

सोल्डरबाबा:
दिवा लागलाय म्हणजे स्पॉट किलरने किरण दाबलाय, आणि आवाजही नाही. मग आधी बोर्ड आणि पॉवर. प्लग काढा. तळाशी मोठा निळा कपॅसिटर दिसेल, बिग ब्लू म्हणतात तोच. मूळचा असेल तर बदलायला झालाय. आणि बोर्डाच्या कडेला वायरी जोडतात त्या एज कनेक्टरचा जवळून फोटो टाका, पिना काळ्या पडल्यात का बघू.

नाणंटाक्या:
फोटो टाकतो. डावीकडच्या तीन पिना कोळसा झाल्यात. एलसीडी परत घेतील का हो?