चिठ्ठी बंद करून बारकोड आणायचाय, विचारायचं कुणाकुणाला?

टॉवेलवाला_पोरगा
नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, 24 लूम. लूमवरून माल उतरला की जॉबर (लूमवरचा मुकादम) चिठ्ठी लिहितो आणि ती कटिंग, शिलाई, पॅकिंग करत करत मुनीमजींकडे जाते. आता लॉटला बारकोड लावून मोबाईलवर एंट्री करायचीय. पप्पा म्हणतात मॅनेजर आणि मुनीमजींना विचार, बास झालं. मला काय ते पटेना.

रात्रपाळी
मिटिंग नंतर घ्या की ओ. आधी एक चिठ्ठी धरा अन तिच्या मागं मागं दोन दिवस फिरा. जो तिच्यावर काही लिहितो, किंवा नुसता बघून खिशातल्या डायरीत उतरवून घेतो, तो तुमचा माणूस. रात्री पण फिरा, दिवसा मालकाच्या पोरासमोर सगळं बरोबरच चालतंय. आमच्याकडं असं फिरल्यावर कळलं की कामगार चिठ्ठीवरनं आपले पीस उतरवून घ्यायचे, आठवड्याच्या पगाराला भांडायला तेवढाच पुरावा. चिठ्ठी गेली तर त्यांच्या हातात काय राहिलं?

पूर्वभाग
शिलाई बाहेर देता का? आम्ही घरोघरी देतो, त्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं कारण त्या हजेरीपटावर नाहीत ना. ॲप आलं मराठी-इंग्रजीत, अन आमच्या निम्म्या बायका तेलुगू बोलणाऱ्या, वाचायचं म्हटलं तर मराठी पण अवघड. पहिल्या आठवड्यात डझनांचा असा घोळ झाला की विचारू नका, परत वही काढली.

हिशोबनीस
सीएला पण धरा. सूत देणारा उत्पादक सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेला असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15, नाहीतर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. दिवस मोजतात माल स्वीकारल्यापासून. उद्या सुताची आवक पण ॲपवर घेतलीत तर ती तारीख कोण टाकणार ते आत्ताच ठरवा.

बाळीवेस_कट्टा
सगळ्यांना विचारत बसलास तर गड्ड्याची जत्रा होईल बघ 😄 ऐकून घ्यायचं सगळ्यांचं, पण नाही म्हणायचा हक्क दोघा-तिघांनाच. माझ्या मते जॉबर त्यात पाहिजेच, त्याच्या मनात नसलं तर स्टिकर लागणारच नाही, अन तोंडानं मात्र हो हो म्हणेल.

टॉवेलवाला_पोरगा
आज फिरलो चिठ्ठीमागं. पीसचं तर खरंच निघालं, दोघांकडं डायऱ्या सापडल्या, त्यांना रोज संध्याकाळी मोजणीचा मेसेज जाईल असं करता येतंय का बघतो. पण गेटवर वेगळंच. वॉचमन मामा चिठ्ठीवरचा पॅकिंगचा शिक्का बघूनच टेम्पो सोडतात, आणि त्यांच्याकडं बटणाचा फोन आहे. यादीत ते कुठंच नव्हते, पप्पांच्या पण नाही अन माझ्या पण.