१९६६ची मार्टिन डी-२८ गिटार: घ्यावी का?
अमेरिकेतल्या भावामार्फत १९६६ची, भरपूर वाजवलेली मार्टिन डी-२८ घेऊन पुण्यात आणायचा विचार आहे, पण पॉलिश उडालंय म्हणून मन धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पॉलिशचं सोडा हो! साउंडहोलखाली, म्हणजे पुढच्या गोल भोकाखाली, घासून लाकूड उघडं पडलंय, म्हणजे कुणीतरी ती वर्षानुवर्षं जीव लावून वाजवलीय.

बघायचं ते मानेकडे. भावाला लांब, सरळ पट्टी फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या कडांवर) ठेवून ब्रिजकडे (तारा खाली जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याकडे) सरकवायला सांगा. टोक ब्रिजच्या माथ्यावर आलं तर उत्तम. ब्रिजच्या कडेला खाली अडलं तर मान पुढे झुकलीय. ती काढून पुन्हा बसवावी लागेल. हे काम महाग असतं, किमतीतून वजा करून मागा. पिकगार्डच्या (ओरखडे टाळायला लावलेल्या पातळ चकतीच्या) कडेने तडा गेलाय का तेही बघा, या गिटारींत तो नेहमी आढळतो.

खरी अडचण लाकडाची आहे. पाठ आणि बाजू ब्राझिलियन रोजवूडच्या, आणि ते १९९२पासून साइट्स (CITES) या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय पाठवली तर कस्टम्समध्ये जप्त होऊ शकते. परवान्याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका. सत्तरच्या दशकातली डी-२८ चालणार असेल, तर तिला आपलं भारतीय शिसव असतं. त्याच्या तयार वाद्यांना २०१९पासून या परवान्यातून सूट आहे.