मदत हवी आहे: बालसभेत मुलं जे बोलतात ते कागदावर टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका लहान गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. पहिलीच टर्म. बचत गटाचं काम करता करता उभी राहिले आणि निवडून आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाला उघडं पाडायचं नाही, वाट काढायची आहे.

जानेवारीत 26 तारखेच्या ग्रामसभेआधी आम्ही बालसभा घेतली. आग्रह माझाच होता. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, चाळीसेक मुलं-मुली आली. पहिला अर्धा तास कुणी तोंड उघडेना. उघडलंच तर गुरुजींकडे बघत "खेळाचं साहित्य पाहिजे" एवढंच. मग अकरावीतली एक मुलगी वही घेऊन उठली. तालुक्याच्या कॉलेजातून परत यायची संध्याकाळी साडेपाचची एसटी, ती किती वाजता आली, आली की नाही, हे तिनं महिनाभर रोज लिहून ठेवलं होतं. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वार, गाडी, स्टँडवर मुली किती, घरी पोचलो कधी. शेवटी शेरा. गाडी न आलेल्या एका दिवसासमोर शेरा होता, "वडापनं (म्हणजे खासगी जीपनं) आलो, पुढं बसायला लागलं." तो वाचून झाल्यावर तिथल्या एकाही बाईला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तिनं ती पानं वहीतून नीट काढून ग्रामपंचायतीकडे दिली. नंतर मी इतिवृत्त पाहिलं. त्यात लिहिलं होतं: "विद्यार्थ्यांनी विविध समस्या मांडल्या. त्यावर सविस्तर चर्चा करण्यात आली." बस्स. एसटी हा शब्दसुद्धा नाही. पानं फाइलला लागलीच नाहीत, आता कुठं आहेत कुणालाच माहीत नाही.

ऑगस्टमध्ये परत बालसभा घ्यायची म्हणून तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "येते की काकू. पण माझी पानं परत मिळतील का? त्यात तारखा होत्या." मला तिच्याकडे बघवेना.

दुसरी गोष्ट पोरांची. आमच्याकडे वीस-बावीस जण पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे पाचला फाट्याच्या डांबरी रस्त्यावर पळतात. मुलांचे 1600 मीटर आणि मुलींचे 800 मीटर त्यांनी चुन्यानं खुणा करून मोजून ठेवलेत. त्यांचं मागणं दोनच गोष्टींचं: त्या पट्ट्यात दिवे आणि बंद पडलेल्या समाजमंदिराची एक खोली अभ्यासिकेला. आम्ही त्यांना ओपन जिम दिली. योजनेत बसत होती म्हणून. ठरावाला मीही हात वर केला होता, आणि ते मला आज बोचतं. मंदिरामागं गवतात ती उभी आहे, तिच्यावर गोधड्या वाळतात.

मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य, हे मला माहीत आहे. मतदानाचं वय 1989 मध्ये 21 वरून 18 वर आलं, पंचायतीला उभं राहायला मात्र आजही 21 पूर्ण लागतात. म्हणजे साडेपाचच्या गाडीवर ज्यांचं शिक्षण अवलंबून आहे त्यातल्या जवळजवळ कुणालाच त्या गाडीबद्दल ग्रामसभेत हात वर करता येत नाही.

मला हे विचारायचंय. 18 च्या आतल्या मुलांचं म्हणणं ठराव म्हणून नोंदवून घ्यायचा काही रस्ता आहे का? त्यांच्या मागण्यांना पैसा कुठल्या खात्यातून बसतो? आणि दर वेळी पुढाऱ्यांचीच मुलं पुढं येतात, बोलायला भिणारी, वस्तीवरची, विशेषतः मुली, यांना आत आणायचं कसं? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर बारीकसारीक तपशिलासकट लिहा.

---

जुना दफ्तरदार:

ताई, मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, दफ्तर तेच आहे.

बालसभेला ग्रामसभेसारखा कायदेशीर अधिकार नाही, त्यामुळं तिथं झालेलं आपोआप ठराव होत नाही. पण तुम्ही सदस्य आहात. मासिक सभेच्या आधी सरपंचांना लेखी पत्र द्या, "बालसभेतील मागण्यांवर निर्णय घेणे" हा विषय विषयपत्रिकेवर घ्या म्हणून. पत्र आवक नोंदवहीत चढवून पोच घ्या. सभेत सगळ्या मागण्या एका ठरावात कोंबू देऊ नका. एसटीचा ठराव वेगळा, दिव्यांचा वेगळा, खोलीचा वेगळा. प्रत्येकाला सूचक आणि अनुमोदक. "विविध समस्या" हे शब्द येतात तेव्हा लिहिणाऱ्याला काम संपवायचं असतं. मीही लिहिलेत, म्हणून सांगतो. मुलीची पानं आली तर त्यांवर पान क्रमांक टाकून "परिशिष्ट" म्हणून ठरावाला जोडा. मूळ वही तिच्याकडेच राहू द्या, झेरॉक्स घ्या.

पैशाचं सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2026 पर्यंतच्या) निधीत 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेला 40 टक्के अबंधित होता. अशा अबंधित निधीतून दिवे आणि खोलीची दुरुस्ती बसू शकते, पण ती कामं गावाच्या विकास आराखड्यात असायला हवीत. आराखडा एकदा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढला की मागाहून घुसवणं जड जातं. म्हणून बालसभा आराखड्याच्या आधी घ्या. 26 जानेवारीला घेऊन उपयोग कमी, तोवर बरंचसं ठरलेलं असतं. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले, हे आधी विचारा.

एसटी आपल्या हातात नाही, पण आगार व्यवस्थापकाला नुसतं निवेदन देण्यापेक्षा ठरावाची प्रत, वेळांची नोंद आणि त्या मार्गावरच्या पासधारक विद्यार्थ्यांचा आकडा एकत्र द्या. पास आगारातूनच निघतात, आकडा त्यांना नाकारता येत नाही.

---

मलप्रभेकाठचा:

मी खानापूर तालुक्यातला, प्राथमिक शाळेत शिक्षक. आमच्या कर्नाटकात "मक्कळ ग्रामसभा", म्हणजे मुलांची ग्रामसभा, दरवर्षी घ्यायला सरकारनंच ग्रामपंचायतींना सांगितलंय. सगळीकडे नीट होते असं म्हणणार नाही. कुठंकुठं हार, भाषणं, खाऊ आणि फोटो यातच दिवस संपतो.

पण आमच्या गावात एक गोष्ट बदलली आणि फरक पडला. सभेची सुरुवात नव्या मागण्यांनी करायची नाही. मागल्या वर्षी मुलांनी काय मागितलं होतं आणि त्याचं काय झालं, हे आधी पंचायतीनं वाचून दाखवायचं. झालं, झालं नाही, का झालं नाही. पहिल्या वर्षी अध्यक्षांना घाम फुटला. दुसऱ्या वर्षी मुलं दुपटीनं आली.

भित्र्या मुलांचं म्हणाल तर सभेच्या आठवडाभर आधी वस्तीवस्तीवर पाच-सहा जणांचे गट करून गावाचा नकाशा काढायला लावा. कुठं भीती वाटते तिथं लाल खूण. आमच्या मुलींनी विहिरीकडच्या वळणावर पाच लाल खुणा केल्या, तोंडानं एकीनंही सांगितलं नसतं. सभेत नकाशा भिंतीला लावला की तो सगळ्यांचा होतो, कुणा एकीवर बोट येत नाही.

आणि कुणी "पोरांना काय कळतं" म्हणालं तर सांगा, मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं मत ऐकून घेतलं पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं 12 वं कलम आहे, आणि भारतानं ती 1992 मध्ये स्वीकारलीय. ग्राम बालसंरक्षण समितीतसुद्धा मुलांचे दोन प्रतिनिधी अपेक्षित असतात. तुमच्या गावची समिती कागदावर तरी आहे का, बघा.

---

फाट्यावरची:

मी 22 वर्षांची, गाव सोलापूर जिल्ह्यात, सध्या पुण्यात नोकरी. मतदार यादीत नाव आहे, पण चार वर्षांत एकदाही ग्रामसभेला बसले नाही.

आम्हाला बोलावतात ते खुर्च्या मांडायला, रांगोळी काढायला आणि पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायला. निर्णय आदल्या रात्रीच कुणाच्या तरी ओसरीवर झालेला असतो. तुम्ही हे बदलणार असाल तर एक करा काकू, "नाही" म्हणायला लाजू नका. दिव्यांना पैसे नसतील तर नाहीत म्हणा, किती कमी पडतात ते सांगा. आमच्या गावात "बघू" म्हणतात. त्या "बघू"नं मला गावापासून तोडलं.

मुलींची बैठक वेगळी आणि आधी घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते ना, तशीच. वेळ दुपारची ठेवा, संध्याकाळी घरचे पाठवत नाहीत. आणि त्या "पुढं बसायला लागलं" वाल्या मुलीचं नाव ठरावात घालू नका. नोंद लागेल, नाव नको. गाव लहान असतं.

---

धागालेखिका:

तिघांचेही मनापासून आभार. शेवटची सूचना माझ्या डोक्यातच आली नव्हती. नाव गाळूनच लिहीन.

आज सरपंचांना पत्र दिलं, पोच घेतली. तीन विषय, तीन ठराव. 10 टक्क्यांचा हिशोबही मागितलाय. नकाशाचं काम रविवारी माळावरच्या वस्तीपासून सुरू करतोय, भरतीवाली पोरं मदतीला येतो म्हणालीत.

दुपारी त्या मुलीकडे जाऊन खरं काय ते सांगितलं, पानं सापडत नाहीत आणि चूक आमची आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, सोमवारपासून परत लिहिते, या वेळी आम्ही चौघी मिळून लिहू.

आता एक अडचण. दफ्तरदार काका, पासधारकांचा आकडा आगारातून तोंडी मिळतोय, लेखी द्यायला तयार नाहीत. कॉलेजच्या लेटरहेडवर यादी घेतली तर ठरावाला जोडायला चालेल का?