‘अंडरग्राउंड’ संगीतकाराला मराठीत काय म्हणावं?

जळगावहून प्रश्न: युरोपातल्या एका कलाकारावर लेख लिहितोय. तो मॉड्युलर सिंथेसायझरवर (तारांनी जोडायच्या सुट्या खोक्यांच्या विजेच्या वाद्यावर) प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, तेही छोट्या अंडरग्राउंड क्लबांत. ‘भूमिगत क्लबांत ड्रोन वाजवणारा डीजे’ चालेल का?

धुळे: भाऊ, यातलं काहीच चालणार नाही. भूमिगत हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी उरलाय: बेचाळीसचे कार्यकर्ते आणि भूमिगत गटार योजना. अंडरग्राउंडमध्ये लपण्यापेक्षा बाजाराशी फटकून राहणं जास्त आहे. ‘आडवाटेचे क्लब’ म्हणा. बर्लिनचा ‘ट्रेझोर’ मात्र १९९१ मध्ये खरोखरच जमिनीखाली सुरू झाला, वेर्टहाइम नावाच्या जुन्या मोठ्या दुकानाच्या तिजोरीघरात. ट्रेझोर म्हणजे जर्मनमध्ये तिजोरीच. तिथे बेधडक ‘तळघरातला क्लब’ लिहा.

शिंदखेडा: असहमत. १९४४ मध्ये चिमठाण्याचा सरकारी खजिना लुटला तो भूमिगतांनीच. शब्दात धग आहे, ‘आडवाटे’त ती कुठे?

धुळे: दादा, धग आहे म्हणूनच नको. रात्री दोन वाजता नाचणाऱ्यांना ती उसनी कशाला द्यायची?

चोपडा: डीजेवर कोणी बोललंच नाही, आणि खरा घोटाळा तिथेच आहे. आपल्या वरातीत ‘डीजे आला’ म्हणजे माणूस येत नाही, गाडीवर भिंतीएवढे स्पीकर येतात. ‘डीजे कितीत ठरला?’, ‘दहा वाजले, डीजे बंद करा’. सगळीकडे वस्तूच. बटणं फिरवणारा पोरगा तो ऑपरेटर. ‘डीजेने तल्लीन होऊन वाजवलं’ हे आमच्या आप्पांना वाचून दाखवलं तर ते विचारतील, ‘जनरेटर कोनं व्हतं?’ शिवाय मूळ अर्थाचा डीजे दुसऱ्यांच्या तबकड्या एकीला एक जोडतो. तुमचा माणूस आवाज जागेवर घडवतो. एका खोक्यातून सूर निघतो, त्याची तार दुसऱ्यात खोचली की तो थरथरतो, तिसऱ्यात गाळून निघाला की जाड किंवा किरटा होतो. पेटीसारख्या पट्ट्या असतीलच असं नाही. सरळ ‘सिंथवादक’ लिहा.

त्याच्या ‘लाइव्ह सेट’ला मी तर ‘प्रयोग’ म्हणेन. नाटकाचाही प्रयोग आणि प्रयोगशाळेतलाही प्रयोग. तारा उपसल्या की उद्या तोच आवाज हुबेहूब जुळेल याची खात्री नसते, म्हणून दोन्ही अर्थ लागू पडतात. ‘प्रायोगिक’ तर दादरच्या छबिलदास शाळेतल्या नाटकांपासून मराठीत रुळलाय. फक्त ‘प्रायोगिक तत्त्वावर’ लिहू नका, कलेक्टर कचेरीचा वास येतो.

रावेर: ड्रोन म्हटलं की आमच्याकडे फवारणी आठवते. तुमचा कलाकार केळीवर औषध मारतोय असंच वाटेल. सनईच्या जोडीला एकजण चाल न वाजवता नुसता सूर धरून बसतो ना, तेच हे. ‘धरलेला सूर’ लिहा. तंबोऱ्याचं नाव घेतलंत तरी कळेल.

नंदुरबार: लेखात ‘हाऊस’ आणि ‘ॲसिड’ ही क्लबातल्या नाचाच्या संगीताची नावं आली, तर त्यांना मात्र हात लावू नका. हाऊसचा घराशी संबंध नाही, शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ क्लबवरून ते नाव पडलं. म्हणजे मराठी करायचंच तर वखार! ॲसिडचा तो पिळवटलेला आवाज रोलँड टीबी-३०३ चा. गिटारवाल्यांना खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र खपलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं, आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळालं म्हणून शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी त्याआधीच, १९८२ मध्ये, त्याच यंत्रावर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. ती तेव्हा कोणी विचारली नाही. आमच्या सातपुड्यातल्या टिमलीत, म्हणजे आदिवासींच्या नाचाच्या संगीतातही, कीबोर्डच वाजतो, पण तिला प्रायोगिक म्हणायला कोणी धजत नाही, ही आमची जुनी तक्रार.

जळगाव: मग असं लिहितो: ‘आडवाटेच्या क्लबांत धरलेल्या सुरांचे प्रयोग करणारा सिंथवादक.’

चोपडा: झकास. मथळ्यात मात्र ‘अंडरग्राउंड’च ठेवा भाऊ, नाहीतर ज्या पोरांसाठी लिहिताय ती पुढे वाचायचीच नाहीत.