कमी देणं वेगळं, कच्चं देणं वेगळं
'फोन असो की सॉफ्टवेअर, सगळं पूर्ण झाल्याशिवाय रिलीज करूच नये' असं काही जण म्हणतात, ते ऐकायला बरं वाटतं, पण त्या हिशोबाने पहिला आयफोन २००७ ला आलाच नसता. साधं कॉपी-पेस्ट नव्हतं हो त्यात, ते आलं थेट २००९ ला ३.० अपडेटमध्ये, आणि तरी लोकांनी घेतलाच, कारण जे दिलं होतं, म्हणजे स्क्रोलिंग, झूम, ब्राउझर, ते लोण्यासारखं चालायचं.

उलट २०१२ ला अ‍ॅपलनेच गूगल मॅप्स काढून स्वतःचे मॅप्स दिले, ठिकाणं भलतीकडेच, थ्रीडीत पूल वितळल्यासारखे, शेवटी कंपनीचा तेव्हाचा प्रमुख टिम कुक याला जाहीर माफी मागून 'तोवर दुसऱ्यांचे मॅप्स वापरा' असं सांगावं लागलं (!). चालू असलेलं काढून अर्धवट गळ्यात मारलं की माणूस भडकणारच ना.

आणि 'नंतर पॅच (दुरुस्तीचं अपडेट) देऊ' हेही वाटतं तितकं सोपं नाही, २०१४ चं आयओएस (आयफोनची सिस्टीम) ८.०.१ बग, म्हणजे चुका, काढायलाच आलेलं, त्याने कित्येकांच्या आयफोन ६ चं नेटवर्कच गेलं, त्याच दिवशी मागे घ्यावं लागलं.

बाकी बीटाला, म्हणजे चाचणीसाठी आधीच दिलेल्या कच्च्या आवृत्तीला, माझी ना नाही, हौस असेल त्याने खुशाल टाकावा, फक्त ज्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात त्यावर नको.