पाडव्यानंतरच्या रविवारी पक्षी बघायला: हेमाडगा रस्ता

दुबईहून, मंडळाच्या सर्व सभासदांस

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्याकडची बरीच कुटुंबं पाडव्याला गावी येतायत. शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणी, सगळी आपलीच माणसं. पाडव्यानंतरच्या रविवारी मिळून भीमगड अभयारण्याकडं पक्षी बघायला जावं असा विचार आहे. पोरं इमारतींत वाढलीत, आपलं जंगल त्यांनी अजून नीट बघितलेलंच नाही.

खानापूरच्या काकांना धनेशाची (मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पक्ष्याची) ढोली, म्हणजे झाडाच्या पोकळीतलं घरटं, ठाऊक आहे असं कळलं. नर चारा भरवताना जवळून फोटो मिळाला तर पोरं जन्मभर विसरणार नाहीत. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडेच्या गुहाही बघता येतील का? आणि गोकाककडच्या घटप्रभा अभयारण्यातले क्रौंच (हिवाळ्यात येणारे करकोच्यासारखे पक्षी) त्याच खेपेत होतील का?

खानापूरहून

येताय ते वाचून फार बरं वाटलं. या की!

ढोली मला ठाऊक आहे, पण तिथं मी कुणाला नेणार नाही. रागावू नका, कारण सांगतो. ह्या दिवसांत मादी आत कोंडून घेऊन बसलेली असते. विष्ठा, चिखल, फळांचा गर ह्यांनी ती ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि चोच निघेल एवढी उभी फट ठेवते. आत असताना तिची पंखांची पिसं गळतात, म्हणजे संकट आलं तरी उडून जायची सोय नाही. तिचं आणि पिल्लांचं पोट नरावर. तो वडाउंबराची फळं गळ्यात साठवून आणतो, फटीपाशी बसतो, मान झटकून एकेक फळ वर काढतो आणि चोचीच्या टोकानं आत देतो. काजऱ्याचं फळ आपल्याला विषारी, ह्यांना तेही चालतं.

मागच्या उन्हाळ्यात मी लांबून दुर्बिणीतून बघत होतो. तेवढ्यात रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या आणि माणसं कॅमेरे घेऊन झाडाखालीच जाऊन उभी राहिली. नर आला तो समोरच्या फांदीवर बसला. गळा फळांनी टच्च भरलेला. ह्या फांदीवरून त्या फांदीवर करत राहिला, पण ढोलीकडं काही सरकेना. माणसं हालली नाहीत, शेवटी तोच तसाच भरल्या गळ्यानं निघून गेला. आत दोन-तीन तोंडं उपाशी. एकेका सुट्टीच्या दिवशी अशा चार टोळ्या आल्या तर पिल्लांचं काय होत असेल, तुम्हीच बघा.

धनेश दिसणार नाही असं मात्र समजू नका. फळांनी लगडलेला वड गाठायचा, लांब बसायचं, की ते आपणहून येतात. उडताना पंखांचा आवाज आधी येतो, मग पक्षी दिसतो. मलबारी कवड्या धनेश, राखी धनेश दोन्ही आपल्या भागात आहेत, नशीब असलं तर मोठा राजधनेशही.

खानापूरहून भीमगडच्या जंगलाकडं जाणाऱ्या हेमाडगा रस्त्याच्या कडेनंच चालायचं. आत शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आणि त्यांचा माणूस बरोबर हवा, ते मी रेंज ऑफिसात आधी बोलून ठेवतो. एका टोळीत आठापेक्षा जास्त माणसं नकोत. चालण्यापेक्षा बसण्याला महत्त्व द्या. पांगारा किंवा उशिरा फुललेली सावर मिळाली तर तिथंच पाऊण तास काढायचा: शिंजीर, कोतवाल, मैना, पर्णपक्षी, वर शेकरूसुद्धा, सगळे मधावर तुटून पडलेले असतात. तांबट आणि कुटुर्ग्याचा आवाज तर दिवसभर थांबतच नाही.

आणखी एक. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत. वसंतात प्रत्येक नर आपला इलाखा राखत असतो. आवाज ऐकून दुसरा नर घुसला असं समजून तो घरटं टाकून भांडायला येतो.

बारापेडे ह्या खेपेला नको. तिथल्या वटवाघळांच्या एका दुर्मीळ जातीला १९१३ साली शास्त्रीय नाव मिळालं ते ह्याच गुहेतल्या नमुन्यावरून. नंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही सापडली, तरी आपली वसाहत फार मोलाची आहे. पंचवीस माणसांनी बॅटऱ्या घेऊन आत जायची ती जागा नव्हे.

गोकाकहून

काकांशी मी पूर्ण सहमत. घटप्रभेचं म्हणाल तर पाडव्यापर्यंत क्रौंच बहुतेक परतलेले असतात. धुपदाळच्या बंधाऱ्याचं पाणी आणि आजूबाजूची शेतं ह्यांच्यामुळं ते इथं उतरतात. १९७४ साली अभयारण्य झालं ते ह्याच पाहुण्यांसाठी. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीत या, उतरायला आमचं घर आहेच. खानापूर आणि गोकाक एका दिवसात करायचं म्हणजे दिवस गाडीतच जाणार.

शारजाहून

काका, माझा धाकटा पाच वर्षांचा आहे. पाऊण तास तो बसेल असं वाटत नाही. त्याला आणू की आजीकडं ठेवू?

खानापूरहून

आण की सूनबाई, त्याच्यासाठीच तर हे चाललंय. त्याला एक काम देऊ. समोरच्या झाडावर कोण येतं, कोण कुणाला हुसकतं, एवढं वहीत चित्र काढून ठेवायचं. नावं नंतर सांगू. लहान पोरांना आपल्या आधी दिसतं, हा माझा नेहमीचा अनुभव. पाडव्याचे नवे लाल-पिवळे कपडे मात्र त्या दिवशी नकोत. मातकट, हिरवे, जुने असतील ते घाला.

दुबईहून

काका, पटलं. ढोली आणि बारापेडे दोन्ही रद्द, घटप्रभा हिवाळ्यात. ही सगळी पत्रं मी आमच्या ग्रुपवरही टाकलीत, म्हणजे नंतर कुणी हट्ट धरणार नाही.

पहाटे पाचला बेळगावातून निघू, उजाडताना हेमाडगा रस्त्याला लागलेलं बरं. डबे घरचे, प्लास्टिकच्या बाटल्या नकोत. परवानगीसाठी नावं लागतील, तेव्हा येणाऱ्यांनी माणसं किती आणि पोरं किती ते सोमवारपर्यंत मला कळवा. दुर्बिणी सध्या तीनच आहेत. कुणाकडं असेल तर आणा, टोळीत एक तरी हवीच.